दवाखान्यात दुसऱ्याचे बोलणे सांगताना: सोबत जाणाऱ्या प्रत्येकासाठी

तुमच्यापैकी अनेकांनी हे काम केले आहे, फक्त त्याला कधी नाव दिलेले नाही. शेजारच्या आजींना डॉक्टरांचे बोलणे समजत नाही म्हणून तुम्ही सोबत गेलात. पाड्यावरच्या कोणाच्या बाळाला ताप होता आणि तुम्हाला मराठी नीट येते म्हणून तुम्हाला जीपमध्ये बसवले गेले. डॉक्टर बोलले ते तुम्ही तिकडे सांगितले, तिकडचे इकडे सांगितले. म्हणजे तुम्ही दुभाषी झालात. पगार नाही, प्रशिक्षण नाही, आणि तरीही त्या दहा मिनिटांत रुग्णाचे निदान बरेचसे तुमच्या जिभेवर अवलंबून होते.

यावल तालुक्यात हा प्रसंग रोजचा आहे. गावात लेवा गणबोली, पश्चिमेला चोपडा-अमळनेरकडे गेलो की अहिराणी, मोहल्ल्यात उर्दू, तडवी कुटुंबांची स्वतःची बोली, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी व वरच्या पाड्यांवर पावरी-बारेली. केळीच्या बागांत कामाला येणारी कितीतरी कुटुंबे सीमेपलीकडून, मध्य प्रदेशातून येतात. जळगाव जिल्ह्यासाठीचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यावललाच आहे, ते उगीच नाही. दुसऱ्या बाजूला सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर पुष्कळदा विदर्भातला किंवा मराठवाड्यातला असतो, बंधपत्राचे वर्ष पूर्ण करायला आलेला. त्याला पावरीचा एक शब्द कळायच्या आत त्याची बदली होते. भामरागडच्या हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे स्वतः माडिया शिकले. हा उत्तम मार्ग. पण प्रत्येक डॉक्टर एका जागी इतकी वर्षे राहत नाही, आणि तोपर्यंत तुमच्यावाचून कोणाचे चालत नाही.

एका शब्दावर काय काय अवलंबून असते

१९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडात विली रामिरेझ नावाच्या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांची भाषा स्पॅनिश. त्यांना वाटत होते की त्याला काहीतरी खाल्ल्यामुळे बाधले आहे, म्हणून त्यांनी 'इन्टॉक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधणे असा. डॉक्टरांनी तो इंग्रजी कानाने ऐकला आणि मुलाने नशेच्या गोळ्या घेतल्या असे समजून उपचार केले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर भरपाई ठरली. दुभाषी बोलावला गेला नव्हता, कारण आपण एकमेकांना समजलो असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

तुम्ही म्हणाल, हे तिकडचे. मग आपल्याकडचा एक साधा शब्द घ्या: 'औषध'. आपण दवाखान्यातल्या गोळीला औषध म्हणतो आणि केळीवर, कपाशीवर फवारतो त्यालाही औषधच म्हणतो. 'त्याने औषध घेतलंय' याचा अर्थ काय? सकाळची बीपीची गोळी घेतली, की फवारणीचे विष प्यायला? 'औषध लागलंय' म्हणजे जखमेवर काही लावले, की फवारताना अंगावर उडाले? शेतकरी घरातल्या माणसाला हे प्रसंगावरून कळते. शहरातून आलेल्या डॉक्टरला कळेलच असे नाही. आणि घरचे माणूस लाजेपोटी किंवा पोलिसांच्या भीतीने मुद्दाम मोघम बोलत असेल, तर दुभाषीही तोच मोघम शब्द पुढे सरकवतो.

म्हणून विषबाधेची शंका असेल तर 'औषध' हा शब्द एकटा वापरूच नका. 'फवारणीचं औषध' म्हणा. कोणते, किती वाजता, प्यायला की अंगावर उडाले, या तीन गोष्टी सांगा. डबा किंवा पाकीट सोबत आणा, नाहीतर त्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. अंगावर उडाले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा आणि निघा. प्यायला असेल तर उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका, १०८ ला फोन करा. तोंडातून लाळ गळणे, खूप घाम, दम लागणे, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होणे हे दिसले असेल तर न विचारता सांगा.

सापाचेही तसेच. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून आपण 'जनावर चावलं' म्हणतो, कोणी 'किडूक' म्हणते. बाहेरच्या डॉक्टरला त्यावरून कुत्रा वाटू शकतो किंवा किडा. दवाखान्याच्या दारात हा संकोच सोडा. 'साप चावला, इतक्या वाजता, इथे' एवढे पहिल्या वाक्यात सांगा.

गाळू नका, भर घालू नका

२००३ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात एक अभ्यास आला. स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या १३ तपासण्या ध्वनिमुद्रित केल्या आणि दुभाष्यांच्या चुका मोजल्या. एकूण ३९६ चुका निघाल्या, म्हणजे एका तपासणीत सरासरी ३१. निम्म्याहून थोड्या जास्त चुका एकाच प्रकारच्या होत्या: गाळणे. काहीतरी सांगायचे राहून जाणे. आणि सगळ्या चुकांपैकी ६३ टक्के चुका रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम होऊ शकेल अशा होत्या. घरचे लोक किंवा असेच कोणी दुभाषी असताना गंभीर चुकांचे प्रमाण प्रशिक्षित दुभाष्यांपेक्षा जास्त होते.

गाळणारा माणूस वाईट नसतो. त्याला वाटते, म्हातारी फार पाल्हाळ लावते, डॉक्टरांपुढे रांग आहे, आपण मुद्द्याचे सांगू. आजी दोन मिनिटे बोलतात आणि तुम्ही म्हणता, 'पोट दुखतंय म्हणे.' पण त्या दोन मिनिटांत कदाचित असे होते: जेवल्यावर दुखते, पाठीत जाते, दोन वेळा काळी शी झाली. काळी शी हा शब्द गाळला की निदान बदलले. पोटातला रक्तस्राव ॲसिडिटी होऊन घरी जातो.

दुखण्याचे शब्द तर अजिबात एकसारखे करू नका. आपली मराठी आणि आपल्या बोली यात श्रीमंत आहेत. कळ येते आणि जाते, ती आतड्याची किंवा खड्याची असू शकते. ठणका लागतो तिथे बहुधा पू धरलेला असतो. चमक भरते, टोचते, आग होते, मुंग्या येतात, पिळवटते, जड वाटते, दडपल्यासारखे होते. यातल्या प्रत्येक शब्दाने डॉक्टरचा विचार वेगळ्या वाटेने जातो. 'छातीत दडपल्यासारखं होतं' आणि 'छातीत टोचतं' यातल्या पहिल्या वाक्यावर आम्ही लगेच ईसीजी काढायला धावतो. तुम्ही दोन्हींचे 'सीने में दर्द' केले तर धावणार कोण? बोलीतला शब्द मराठीत सापडत नसेल तर तसे सांगा: 'यांचा शब्द अमुक आहे, मला मराठीत नेमका येत नाही.' मग रुग्णालाच हाताने दाखवू द्या. छातीवर मूठ दाबून धरणारा माणूस पुष्कळ काही सांगून जातो. त्याच्याऐवजी तुम्ही दाखवू नका.

'जीव घाबरतो' हा आणखी एक फसवा शब्द. त्याचे 'टेन्शन आहे' असे भाषांतर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी स्वतःच थांबवतो. जीव घाबरण्यामागे साखर कमी झालेली असू शकते, हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात, रक्त कमी असू शकते. आणि हो, काळजीही असू शकते. ते ठरवायचे काम आमचे. तुम्ही 'जीव घाबरतो' हेच शब्द द्या.

भर घालणे हा गाळण्याचा जोडीदार. डॉक्टरांनी 'दारू पिता का?' विचारले की सोबतचा भाचा रुग्णाकडे न बघताच 'नाही नाही साहेब' म्हणतो. आधीच्या गोळ्या बंद केल्या का, याचेही उत्तर तोच देतो. तुम्हाला काही माहीत असेल तर जरूर सांगा, पण वेगळे सांगा: 'हे त्यांनी नाही, मी सांगतोय.' परदेशातले प्रशिक्षित दुभाषी रुग्णाचे बोलणे 'माझ्या पोटात दुखते' असे 'मी' लावूनच सांगतात. आपल्याकडे एखाद्या पोराने आत्याच्या वतीने 'मला पाळी आली नाही' म्हटले तर अख्खी ओपीडी हसेल. तेव्हा 'त्या म्हणतात' लावायला माझी हरकत नाही. फक्त 'त्या म्हणतात' आणि 'मला वाटतं' यांची सरमिसळ नको.

दिवस, वेळ आणि उपास

'परवापासून ताप आहे' आणि 'परवा या' यांत परवा हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. आठ दिवस म्हणजे आपल्या लेखी एक आठवडा, तर नवख्या कानाला ते मोजून आठ. म्हणून डॉक्टरांनी 'परवा या' म्हटले की वार सांगा. रुग्णाला तारीख आठवत नसेल तर त्याचे कॅलेंडर वापरा. मागच्या बाजाराच्या आधी की नंतर? पावरा कुटुंबातल्या सुनेला शेवटची पाळी कधी आली असे विचारले तर ती खाली बघते. भोंगऱ्या बाजाराच्या आधी की नंतर, होळीला आली होती का, असे एखाद्या बाईने विचारले तर नेमके उत्तर मिळते आणि बाळंतपणाची तारीख बरीच जवळची काढता येते.

रक्ततपासणीला 'उपाशीपोटी या' म्हटले की आमच्याकडे हमखास कोणीतरी चहा आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन येते, कारण निरोप पोहोचताना 'उपाशी'चा 'उपास' झालेला असतो. साखरेचा अहवाल मग भलताच येतो. निरोप असा द्या: 'रात्री जेवल्यानंतर सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. चहासुद्धा नाही.' रोजच्या गोळ्या, विशेषतः साखरेच्या, त्या सकाळी घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना वेगळे विचारा.

'रिपोर्ट पॉझिटिव्ह' म्हणजे चांगला असे समजून हसत घरी जाणारी माणसे मी पाहिली आहेत. हे शब्द तसेच पुढे देऊ नका. डॉक्टरांना विचारा, 'म्हणजे आजार आहे की नाही?' आणि ते उत्तर सांगा.

डॉक्टरांकडून रुग्णाकडे

बहुतेक दुभाषी रुग्णाचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत बरे पोहोचवतात आणि परतीच्या वाटेवर ढिले पडतात. गोळ्यांची पिशवी हातात आली की काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात इथे चुकलेले महिनोन्‌महिने भोवते.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. उपचारातल्या एका औषधाने लघवी लालसर-केशरी होते. त्यात धोका काही नाही. डॉक्टर हे एका वाक्यात सांगतात, आणि तेच वाक्य गळते. घरी गेल्यावर रुग्ण लघवी पाहतो, त्याला वाटते रक्त चालले, आणि तो गोळ्या सोडतो. साध्या क्षयाचा उपचार निदान सहा महिने चालतो. दोन महिन्यांत बरे वाटू लागले तरी पुढचे चार महिने सोडायचे नाहीत, हेही तितकेच ठासून सांगायचे असते. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

सिकलसेलच्या बाबतीत तर दुभाषीच्या एका शब्दावर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. आपल्या सातपुडा पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, आणि आता शाळा-आश्रमशाळांतूनही तपासणी होते. अहवालात 'एएस' असेल तर ती व्यक्ती वाहक असते, आणि 'एसएस' असेल तर रुग्ण. वाहक माणूस सामान्यपणे निरोगी असतो, त्याला रोजच्या औषधाची गरज नसते. पण निरोप पाड्यावर पोहोचतो तो 'पोरीला सिकलसेल निघाला' एवढाच. तुम्ही सांगताना 'वाहक' आणि 'आजारी' हे दोन शब्द स्पष्ट वेगळे ठेवा. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळ आजारी असण्याची, दोन शक्यता वाहक असण्याची, एक अगदी मोकळे असण्याची. हे ऐकताना लोक अनेकदा असे समजतात की एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते. हे समजावायला वेळ लागतो, आणि तो वेळ डॉक्टरांकडे मागून घ्या. समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे नेण्याची विनंती करा.

शेवटी 'समजलं का?' असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. 'घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा' असे विचारा आणि ऐका. ओआरएसचे पाकीट दिले असेल तर 'किती पाण्यात टाकणार?' विचारा. एका लिटरचे पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एका लिटरच्या बाटलीभर पाण्यात. घोटभर पाण्यात घट्ट कालवलेले ओआरएस बाळाला अपाय करते.

कोणी दुभाषी होऊ नये

लहान मुलांनी. शाळेत जाणाऱ्या मुलाला मराठी सगळ्यांत चांगली येते, त्यामुळे त्यालाच पुढे करतात. आईच्या अंगावरून पांढरे जाते किंवा बापाला कर्करोग आहे, हे अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवू नका. दुसरे कोणीच नसेल आणि जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

नवऱ्याने आणि सासूने प्रत्येक वेळी नाही. बाईला पाळीबद्दल, गर्भाबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल काही सांगायचे असेल तर ती त्यांच्या तोंडून कसे सांगणार? आशाताई, नर्स किंवा गावातली दुसरी बाई असू द्या. २००५ पासून गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्या त्याच वस्तीतल्या असतात आणि तिचीच भाषा बोलतात. रुग्णांनो, तुम्हालाही हे मागता येते. 'मला यांच्यासमोर नाही बोलायचं' एवढे म्हणा, समजूतदार डॉक्टर बाकीच्यांना बाहेर बसवतील.

आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्यानेही नाही. पाडा लहान असतो. परतीच्या काळी-पिवळीत कोणी विचारले, 'काय निघालं हो त्यांना?' तर 'त्यांनाच विचारा' हे पुरेसे उत्तर आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करायला मनाई आहे.

अंगठा आणि सही

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर रुग्णाचा अंगठा आणि तुमची साक्षीदार म्हणून सही मागितली जाते. घाईत सही करू नका. काय काढणार आहेत, का, न केल्यास काय होईल, दुसरा उपाय आहे का, हे डॉक्टरांनी सांगितले आणि तुम्ही रुग्णाच्या बोलीत पोहोचवले, एवढे झाले की मग सही. 'पिशवी साफ करायची' आणि 'पिशवी काढायची' यांतला फरक त्या बाईला समजला आहे ना, हे तिच्याकडूनच वदवून घ्या. पहिल्यात गर्भाशय राहते, दुसऱ्यात जाते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत, आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तुम्ही थांबून विचारता तेव्हा डॉक्टरांचा वेळ खात नाही. काही जण वैतागतील, मलाही दुपारी दोन वाजता रांग बघून वैताग येतो. तरी विचारा.

जायच्या आधी

घरूनच पाच मिनिटे रुग्णाशी बोला: कधीपासून, कुठे, आधी कोणाकडे दाखवले, भगताकडे किंवा वैदूकडे काही घेतले का. त्यावर टीका करू नका, नाहीतर पुढच्या वेळी लपवतील. चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद पिशवीत घ्या. आत गेल्यावर डॉक्टरांना सांगा की तुम्ही कोण आहात आणि रुग्ण कोणती भाषा बोलतो. रुग्णाच्या शेजारी, किंचित मागे बसा, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे बघतील. डॉक्टर एका दमात पाच वाक्ये बोलले तर हात वर करून थांबवा, दोन-दोन वाक्ये घ्या.

वर डोंगरात रेंज असेल तिथे फोन स्पीकरवर टाकून आशाताईंकडून बोलणे करून घेता येते. तसे आम्ही करतो. मोबाइलवरचे भाषांतराचे ॲप मराठी-हिंदीपुरते अडीअडचणीला ठीक, पण पावरी-बारेली किंवा तडवी बोलीसाठी त्याच्यावर विसंबू नका, आणि गोळीचे प्रमाण सांगायला तर मुळीच नाही. ते कागदावर लिहून घ्या. वाचता येत नसेल तर पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढायला औषध देणाऱ्याला सांगा. पुन्हा कधी यायचे तो वार त्याच पाकिटावर लिहा, आणि त्या दिवशी तुम्ही येणार नसाल तर कोण येईल तेही तिथेच ठरवून घ्या.